झाडावरची मोडी

वर्धा जिल्ह्यात सेलूजवळ आमच्या आबाजींचं वावर आहे. वावराच्या धुऱ्यावर एक जुना आंबा उभा आहे. तान्ह्या पोळ्याच्या सुट्टीत मी भाचीला घेऊन तिथे गेलो होतो. हातातला लाकडी नंदी बुंध्याशी टेकवून ती झाडाकडे बघत राहिली. सालीवर पांढुरके, करडे, गोल-गोल डाग पडले होते. काही रुपयाएवढे, तर काही तळहाताएवढे.

"आबाजी, ह्या झाडाले काय झालं?"

"नायटा झाला वाट्टे त्याले. चुना लावून टाकू."

मित्रांनो, आबाजींचा अंदाज अर्धा बरोबर होता बरं का! नायटा होतो तो बुरशीमुळे, आणि आंब्यावरचे ते डागही बुरशीचेच होते. पण नायट्याची बुरशी आपल्या कातडीवर जगते. झाडावरची ही बुरशी झाडाचं काहीच खात नाही. तिला बसायला फक्त जागा हवी असते. मग तिचं पोट कसं भरतं?

त्यासाठी आम्ही एक छोटा प्रयोग केला. आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग डागाजवळ धरलं. नुसत्या डोळ्यांना चुन्याचा शिंतोडा वाटणाऱ्या त्या डागावर मोहरीहूनही लहान अशा कितीतरी बशा दिसल्या. प्रत्येक बशीला पांढरी कड! मग बाटलीतलं थोडं पाणी त्यावर शिंपडलं आणि शंभर आकडे मोजले. करडा डाग हळूहळू हिरवट झाला. भाची ओरडलीच, "मामा, हा तर जिवंत आहे!"

ती हिरवट छटा म्हणजे आतलं शेवाळ. बुरशीचा वरचा थर कोरडा असताना अपारदर्शक असतो. तो भिजला की पारदर्शक होतो आणि खालचं शेवाळ दिसू लागतं. म्हणजे त्या एका डागात दोन जीव एकत्र राहतात. आपल्याकडे बटईनं शेती करतात ना, तसंच हे. बुरशी जागा देते, आडोसा देते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हातून अन्न पिकवतं आणि त्यातला वाटा बुरशीला देतं. 1867 साली सायमन श्वेंडेनर या स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा ठामपणे सांगितलं, तेव्हा भल्या-भल्या अभ्यासकांनी ते मानलं नाही. आज मात्र ते शाळेच्या पुस्तकात आहे.

शेवाळ आणि कवक, म्हणजे बुरशी, या दोघांच्या जोडीला मराठीत म्हणतात शैवाक. आणि आपलं घरगुती नाव? दगडफूल! हो, आईच्या मसाल्याच्या डब्यातलं तेच काळपट, कुरकुरीत दगडफूल. पण डब्यातलं दगडफूल पानासारखं पसरट असतं, त्याची कड उचलता येते. काही दगडफुलं झुडपासारखी वाढतात, फांद्यांवरून दाढीसारखी लोंबतात. आणि तिसरा प्रकार आमच्या आंब्यावरचा, खपलीसारखा. याला खालचा थरच नसतो. बुरशीचे धागे थेट सालीत किंवा दगडात रुतलेले असतात. नखाने उचलायला जाल तर डागासोबत सालही निघेल!

या खपलीवाल्यांमध्ये एक मोठी गमतीची प्रजाती आहे. तिचं नाव ग्राफिस. ग्रीक भाषेत लिहिण्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं. का पडलं, ते बघितल्याबरोबर कळतं. पांढऱ्या खपलीवर काळ्या रेघा असतात. काही सरळ, काही वळलेल्या, काहींना फाटे फुटलेले. तुम्ही कधी जुन्या कागदावर मोडी लिपी पाहिली आहे? हात न उचलता, भराभर लिहिलेली? अगदी तसंच दिसतं. कुणीतरी बोरू घेऊन झाडाच्या सालीवर पत्र लिहावं तसं!

अर्थात ही अक्षरं नव्हेत. ती बुरशीची फळं आहेत. आमच्या आंब्यावर ती बशीसारखी होती, ग्राफिसमध्ये ती लांबट असतात. प्रत्येक रेघ म्हणजे दोन काळे ओठ आणि मध्ये एक बारीक फट. फटीच्या आत इवल्या इवल्या पिशव्या असतात आणि पिशव्यांत बीजाणू. पाऊस आला, हवा ओलसर झाली की बीजाणू बाहेर पडतात आणि वाऱ्यावर निघतात. पण नुसतं दुसऱ्या झाडावर पोचून भागत नाही. तिथे मनाजोगतं शेवाळ भेटलं तरच नवी खपली तयार होते. ग्राफिसचा जोडीदार आहे ट्रेंटेपोलिया नावाचं शेवाळ. नाव हिरव्या शेवाळांच्या यादीत, पण रंग नारिंगी! गाजराला रंग देणारं द्रव्य त्याच्याही अंगात असतं.

आता या रेघावाल्यांची हजेरी कशी घ्यायची? सगळेच मोडी लिहिणारे, मग कोण कुणाच्या घरचा?

जुन्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहिले आणि दोन प्रश्न विचारले. बीजाणू पारदर्शक आहे की तपकिरी? त्यात बरबटीच्या शेंगेसारखे एका ओळीत कप्पे आहेत, की विटांच्या भिंतीसारखे उभे-आडवे? दोन प्रश्नांतून चार घरं झाली. पारदर्शक आणि शेंगेसारखा, तो ग्राफिस. पारदर्शक आणि विटांसारखा, तो ग्राफिना. तपकिरी आणि शेंगेसारखा, तो फेओग्राफिस. तपकिरी आणि विटांसारखा, तो फेओग्राफिना. किती सोपं!

पण निसर्ग इतका सोपा नसतो. पुढे लक्षात आलं, की फक्त कप्पे पाहून आपण सख्ख्या भावंडांना वेगळ्या घरांत टाकलं आहे. 2002 साली जर्मनीच्या बेटिना श्टायगर यांनी ही सगळी मांडणी नव्याने केली. आता रेघेचे ओठ काळे कोळशासारखे आहेत का, त्यांवर खाचा आहेत का, आयोडीन टाकल्यावर बीजाणू निळे-जांभळे होतात का, असं सगळं मिळून पाहतात. ग्राफिनातल्या बऱ्याच जाती त्यामुळे ग्राफिसच्या घरी परत आल्या.

त्या घराचा पत्ताही लिहून घ्या. सृष्टी कवकांची, संघ अ‍ॅस्कोमायकोटा, म्हणजे पिशवीत बीजाणू करणाऱ्यांचा. कुळ ग्राफिडेसी, प्रजाती ग्राफिस. पत्ता बुरशीचा आहे, हे लक्षात आलं ना? दगडफुलाचं शास्त्रीय नाव म्हणजे त्यातल्या बुरशीचं नाव. शेवाळाचं नाव वेगळं. या प्रजातीतली सर्वांत प्रसिद्ध जात ग्राफिस स्क्रिप्टा. लिनियसने 1753 मध्येच तिची नोंद केली होती.

आपल्या महाराष्ट्रातही या रेघा वाचणारे अभ्यासक झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या दगडफुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि ग्राफिसच्या कुळातल्या नव्या जाती जगाला दाखवल्या. ग्राफिसला ओलावा, सावली आणि गुळगुळीत साल आवडते. म्हणून तिची खरी गर्दी महाबळेश्वर-आंबोलीकडच्या जंगलांत.

आपल्या वर्ध्याचं ऊन तर तुम्हाला ठाऊकच आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. पण खपलीवाली दगडफुलं तेही सोसतात. पाणी संपलं की ती पार वाळतात आणि सगळं काम थांबवून गप्प पडून राहतात. मेली असं वाटतं. मृगाची पहिली सर आली, की काही मिनिटांत पुन्हा अन्न तयार करायला लागतात! 2005 साली शास्त्रज्ञांनी दगडावरचं एक खपलीवालं दगडफूल यानातून अंतराळात पाठवलं. जवळजवळ 15 दिवस ते उघड्या अंतराळात होतं. ना हवा, ना पाणी, वर सूर्याची कडक किरणं. परत आणून भिजवलं, तर ते जिवंत!

एवढी चिवट असूनही ती वाढतात मात्र फार सावकाश. वर्षाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर, काही तर त्याहूनही कमी. म्हणजे आबाजींच्या आंब्यावरचा तळहाताएवढा डाग माझ्या भाचीपेक्षा वयाने मोठा असू शकतो. हे ऐकल्यावर आबाजी डागावरून हळूच बोट फिरवत म्हणाले, "मंग राहू दे त्याले. चुना नाही लावत."

आपल्या वर्धा जिल्ह्यातलं बोरचं जंगल 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. तिथे वाघ पाहायला जाल, तेव्हा गाडी थांबली की जवळच्या सालीकडेही एकदा बघा. पण त्याआधी घराजवळून सुरुवात करा. ओढ्याकाठचं, विहिरीजवळचं, शाळेच्या अंगणातलं सावलीतलं झाड निवडा. एक भिंग, एक पाण्याची बाटली आणि एक वही घ्या. डागावर बशा आहेत, ठिपके आहेत की रेघा, ते पाहून वहीत चित्र काढा, तारीख लिहा. रेघा सापडल्या तर समजा, बहुधा ग्राफिसच्या कुळातलं कुणीतरी तुम्हाला भेटलं. पण एक करा, डाग खरवडू नका. तुम्ही नखाने एका क्षणात काढाल, ते लिहायला झाडावर कित्येक पावसाळे गेलेले असतात.