तीन मिलिमीटर

आजीच्या वर्षश्राद्धाला आम्ही घरच्यांनी मिळून एक स्मरणिका काढली होती. मुखपृष्ठावर तिचा एकुलता एक चांगला निघालेला फोटो. ओसरीवर बसलेली आजी आणि फोटोच्या अगदी कडेला, जात्याच्या खुंट्यावर ठेवलेला तिचा उजवा हात. प्रती छापून घरी आल्या तेव्हा त्या हाताला बोटं नव्हती. कटिंगमध्ये गेली होती. छापखान्यात विचारलं, तर "फाइलला ब्लीड नव्हतं" एवढंच उत्तर मिळालं. फाइल मी केली होती. ती बोटं कशी गेली हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून गणपती गेल्यावरच्या आठवड्यात मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या वाड्याचा जिना चढले.

वर दोन खोल्या, तीन संगणक, आणि दिवाळी अंकांची धांदल. इथे सगळे ज्यांना ताई म्हणतात त्या पन्नाशीच्या बाई दुसऱ्यांनी केलेल्या फाइली छपाईजोग्या करून देतात. त्यांच्या पडद्यावर एका अंकाचं मुखपृष्ठ होतं: तुळशीवृंदावन, वर टांगलेला केशरी आकाशकंदील, आणि वाऱ्याने उजवीकडे उडालेल्या त्याच्या झिरमिळ्या. चित्रकाराने चित्र बरोबर अंकाच्या मापाचं पाठवलं होतं. झिरमिळ्या कडेला जाऊन थांबत होत्या.

"इथेच घोळ होतो," ताई म्हणाल्या. "तावांची थप्पी सुरीखाली जाते ना, तेव्हा प्रत्येक ताव केसभर इकडेतिकडे असतो. सुरी जरा बाहेर पडली की कडेला पांढरी चीर दिसते. म्हणून चित्र चारी बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर काढायचं, तेच ब्लीड. आणि जे जपायचं असेल ते निदान पाच मिलिमीटर आत घ्यायचं."

मी पिशवीतून स्मरणिका काढून दिली. त्यांनी पट्टी लावली आणि क्षणात सांगितलं. पुस्तिका १४८ बाय २१० मिलिमीटरची, म्हणजे फाइल १५४ बाय २१६ची हवी होती. ती तेवढी नसल्यामुळे कुणीतरी चित्र थोडं मोठं करून कडा भरून काढल्या, आणि कडेला जे होतं ते सुरीखाली गेलं. "त्यांनी एक फोन करायला हवा होता तुम्हाला," असं म्हणून त्यांनी स्मरणिका बंद केली आणि दोन्ही हातांनी परत दिली. तीन मिलिमीटर. घरी कोथिंबीर चिरतानाही हा आकडा माझ्या डोक्यात फिरत होता.

त्या सकाळी ताईंनी झिरमिळ्या वाढवल्या. चाळीस मिनिटं लागली. प्रत्येक झिरमिळीचा बाक वेगळा, कुंचल्याचा फराटा वेगळा. तो बाक पकडून त्या एकेक पट्टी कडेबाहेर नेत होत्या. जे कापून जाणार त्यावर इतकी मेहनत कशाला, असं मी विचारलं. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "किती जाणार ते सुरी ठरवणार. अर्धा मिलिमीटर राहिलं आणि तेवढंच खोटं दिसलं तर?"

मग रंग. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागदावर मात्र शाई असते, सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. पडद्यावर पेटलेला केशरी या चार शायांत उतरवला की विझतो. ताई कंदिलाच्या केशरीतून सायनचा अंश थोडा थोडा काढत गेल्या. "भगव्यात सायन राहिला की तो मळतो." राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हा एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे, कुठल्या दगडावर किती रंग ठेवायचा हे कारागिराची नजर ठरवायची. आता दगडाच्या जागी ॲल्युमिनियमच्या प्लेटी आल्या आहेत आणि आकडे पडद्यावर दिसतात, पण ताईंनी हात थांबवला तो आकडा बघून नव्हे, कंदील बघून.

आतल्या पानांचं काम झपाझप चाललं. व्हॉट्सॲपवरून आलेला एक लेखकाचा फोटो त्यांनी परत मागवला. १६०० पिक्सेल रुंद फोटो इंचाला ३००च्या हिशेबाने साडेपाच इंचांच्या आतच संपतो, आणि तो पानभर हवा होता. चार शायांत पसरलेला मजकुराचा काळा रंग त्यांनी एका काळ्या शाईवर आणला. एका पानावर ‘विठ्ठल’मधलं जोडाक्षर फुटून ठ पाय मोडून उभा होता, तो जुळवला.

मात्र एका कवितेपाशी त्या खिळल्या. रात्रीच्या काळ्यानिळ्या फोटोवर पांढरी बारीक अक्षरं. त्यांनी प्रिंट काढून भिंगाखाली धरली आणि मला बघायला बोलावलं. भिंगाखाली अक्षरं उरतच नाहीत. रंगीत ठिपक्यांच्या रानात पांढऱ्या वाटा दिसतात, आणि शिरोरेघेवर एक इवलंसं पांढरं छिद्र. तो अनुस्वार. चार शायांपैकी एक जरी केसभर सरकली तरी तो बुजणार. ताईंनी संपादकांना फोन लावला. "सर, कवितेचा टाइप दोन पॉइंट वाढवते आणि जरा ठळक करते. नाहीतर अनुस्वार जातील." पलीकडून वेळेची कुरकुर ऐकू येत होती. ताई शांतपणे म्हणाल्या, "‘नाहीं’चं ‘नाही’ चालेल एक वेळ, सर. ‘अंत’चा ‘अत’ नाही चालणार."

का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली सुरू केलेली दिवाळी अंकांची ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो. अंकाच्या पहिल्या पानांवर संपादन, मुखपृष्ठ, सजावट, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुद्रण अशी नावं असतात. ताईंच्या टेबलावरचे गेल्या वर्षीचे सहा अंक मी चाळले. त्यांचं नाव एकातही नव्हतं. अनुस्वार वाचवणारी बाई मुद्रितशोधकच आहे, आणि तिचं नाव तिथे असायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्यांना तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "चहा घ्या, गार होतोय."

आठ दिवसांनी त्या मला छापखान्यात घेऊन गेल्या. शाईचा आणि रॉकेलचा उग्र वास, मशीनचा एकसुरी धडधडाट. सोळा पानी फर्मे घडी होऊन पडले होते. मुखपृष्ठांची थप्पी कटिंगला लागली होती. सुरी खाली आली, वर गेली. ताईंनी वरचं एक मुखपृष्ठ उचललं, खिडकीशी नेलं आणि उजव्या कडेवरून अंगठा फिरवला. काही बोलल्या नाहीत.

मशीनखाली कात्रणांचा ढीग साचला होता. मी त्यातली एक पट्टी उचलली. तिच्यावर झिरमिळ्यांची केशरी टोकं होती, प्रत्येकीचा बाक वेगळा.