परतीची वाट आधी आखावी

आमच्या मालवणात पडवीवर नकाशा पसरून बसलेला माणूस दिसला, की लोक समजतात, जमिनीचा दावा चालू आहे. गेले काही महिने आम्ही चौघे निवृत्त मित्र असेच बसतो आहोत. नकाशा मात्र नेपाळचा आहे. येत्या ऑक्टोबरात काठमांडूहून विमानाने लुक्ला आणि तिथून पायी एव्हरेस्टच्या तळापर्यंत, म्हणजे बेस कॅम्पपर्यंत, जाऊन यायचे ठरते आहे. जाऊन-येऊन साधारण १३० किलोमीटर चाल आणि बारा-तेरा दिवस. शेजारच्या काकींना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "जावचाच आसा तर चलत आंगणेवाडीक जा. नेपाळाक कित्याक?"

कित्याक, याचे उत्तर साठीनंतर कुणाला नीट देता येत नाही. कसे जायचे, याचे मात्र देता येते. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासल्यामुळे ते काम माझ्याकडे आले.

पहिला हिशेब उंचीचा. आम्ही समुद्रसपाटीची माणसे. आमची आंबोली सुमारे ६९० मीटरवर. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. लुक्ला २८६० मीटरवर आहे. म्हणजे विमानातून उतरून पहिले पाऊल टाकतो तिथेच आपण कळसूबाईच्या माथ्याहून बाराशे मीटर वर असतो. पुढे नामचे बाजार ३४४०, तेंगबोचे ३८६०, डिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४० आणि शेवटी तळ ५३६४ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळजवळ निम्मा, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच.

शरीर याची सवय करून घेते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची शक्यतो दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून आमच्या वेळापत्रकात नामचे आणि डिंगबोचे इथे दोन-दोन रात्री आहेत. सरावासाठी आम्ही पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन नारूरच्या बाजूने रांगणा चढतो. त्याने मांड्या आणि गुडघे तयार होतात. विरळ हवेची तयारी त्याने होत नाही. तिथे धडधाकट तरुणही आजारी पडतो आणि सावकाश चालणारा म्हातारा सुखरूप पोहोचतो.

दुसरा हिशेब पैशांचा. नेपाळ परदेश खरा, पण १९५० च्या करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. नेपाळच्या प्रवासासाठी बँकेतून परकीय चलनही मिळत नाही, व्यवहार रुपयांतच. आपल्या शंभर रुपयांना नेपाळी एकशे साठ, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. नामचेच्या पुढे रोकड हाच आधार, म्हणून ती चौघांत वाटून ठेवायची. विमा घेताना मात्र बारीक अक्षरे वाचावीत. किती मीटर उंचीपर्यंतचा पायी प्रवास त्यात धरला आहे आणि आजाऱ्याला हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च मिळतो का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

तिसरा हिशेब दिवसांचा. लुक्लाची धावपट्टी जेमतेम सव्वापाचशे मीटर लांब आणि चढणीची. ढग आले की विमाने बंद. म्हणून परतीचे तिकीट काढताना तीन दिवस मोकळे सोडले आहेत. ज्या बेतात एकही दिवस शिल्लक नाही, त्यात माणूस ताप अंगावर काढून चालतो, आणि घात तिथेच होतो.

इथवर सगळे कागदावर उतरले होते. मग एका संध्याकाळी सौभाग्यवतींनी चहा ठेवता ठेवता विचारले, "वर जायचं सगळं ठरलं. मागे कुठून फिरायचं, ते कधी ठरवणार?"

चौघेही गप्प बसलो. आमच्यातल्या एकाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून परवानगी दिली आहे. पण उद्या लोबुचेला त्याचे डोके ठणकू लागले, तर तळ अवघ्या एका दिवसावर असताना त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार? तिथे गेल्यावर हा प्रश्न निघाला, तर आजारी माणूस भिडेपोटी म्हणणार, "मला काही झालं नाही, चला." हे शब्द त्या उंचीवर जिवावर बेततात.

म्हणून त्याच संध्याकाळी कागद केला. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे यांतले काही दिसले, तर त्याच मुक्कामी थांबायचे, वर चढायचे नाही. तोल जाऊ लागला, बोलणे विसंगत झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी त्याला ताबडतोब खाली न्यायचे. चौघांच्या दोन जोड्या लावल्या. एक उतरला की त्याचा जोडीदार उतरेल. वाटाड्याही आजाऱ्याबरोबर जाईल आणि उरलेले दोघे त्याच मुक्कामी त्याची वाट पाहतील. रक्तदाबवाल्या मित्राच्या जोडीला माझे नाव आहे. आजारी माणसाचे मत विचारायचे नाही, हे कलम त्याने स्वतःच सुचवले.

हे शहाणपण आमच्या किनाऱ्याला नवे नाही. जाळी भरून होडी निघालेली असते, डिझेलचा खर्च झालेला असतो, तरी वाऱ्याचा रंग पाहून जाणता तांडेल होडी वळवतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. पुढच्या वेळी त्याच्याच होडीवर जायला माणसे तयार असतात.

कागदाच्या चार प्रती चार घरी दिल्या. सौभाग्यवतींनी आमची प्रत दोनदा वाचली आणि देवघराच्या फळीवर ठेवली.

"भातकापणीला माणसं मी बघते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेवढे लिहिल्या ठिकाणी मागे फिरा."