विकर कोणासाठी, काड कोणासाठी?

बंगळूरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील बायोकॉन कंपनीचा आरंभ १९७८ मध्ये पपईच्या चिकापासून मिळणाऱ्या पपेन या विकराने झाला. आता विकरे पशुखाद्यातही आली आहेत. मात्र प्रत्येक विकर प्रत्येक जनावरास उपयोगी पडत नाही.

धान्यातील फायटेटमध्ये अडकलेला स्फुरद कोंबडीस फारसा पचत नाही, म्हणून तिच्या खाद्यात फायटेज मिसळतात. गाई-म्हशींच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीव हे विकर स्वतःच तयार करतात. त्यांची खरी अडचण काडातील लिग्निनची आहे. पांढरी कूज बुरशी लिग्निन फोडते. परंतु वाढताना काडातील कर्बोदकेही खाते आणि इतर बुरशींचा शिरकाव झाल्यास मागे पडते. त्यामुळे गोठ्यापर्यंत ती अद्याप रुळलेली नाही.

तोवर जुना उपाय हाताशी आहे. ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून १०० किलो वाळलेल्या काडावर सारखा शिंपडावा, काड दाबून २१ दिवस हवाबंद ठेवावे आणि अमोनियाचा वास उडाल्यावरच खाऊ घालावे. द्रावण जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये. ६ महिन्यांखालील वासरांना हे काड देऊ नये.

विकराचे पाकीट घेण्यापूर्वी ते कोणत्या जनावरासाठी आहे, हे अवश्य विचारावे.