मर्ढेकरांचे पादाकुलक : छंद आणि भाववृत्ती

कवितेच्या विवेचनात वृत्ताचे नाव एका वाक्यात उरकायचे आणि भाववृत्तीचा विचार नंतर स्वतंत्रपणे करायचा, ही पद्धत आपल्याकडे रूढ आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) ह्या संग्रहातील, पिंपात मेलेल्या उंदरांच्या सुपरिचित कवितेबाबत ती फारच अपुरी पडते. नवकविता म्हणजे छंदाशी फारकत, असे गृहीत धरणाऱ्यांना ही कविता पादाकुलक जातीत बांधलेली आहे हे सांगावे लागते. आठ मात्रांची दोन आवर्तने मिळून येथे चरण होतो. ‘उंदीर’मधील ‘दी’ ऱ्हस्व करण्याची जुनी सवलतही कवीने घेतली आहे.

बालकवींची ‘फुलराणी’ ह्याच जातीत आहे. तेथे फुलाच्या लग्नसोहळ्याचे हळुवार कथन आहे. येथे मृत उंदीर. तेव्हा अमुक जाती अमुक भावाला अनुकूल, हे विधान टिकत नाही. (मर्ढेकरांनी बालकवींचे विडंबन केले, असे येथे सुचवायचे नाही.) परंतु म्हणून छंद तटस्थही ठरत नाही. ह्या चालीला सरावलेला कान गोडव्याची अपेक्षा करतो आणि कविता त्याला पिंपाच्या तळाशी नेते. मर्ढेकरांनी आपल्या सौंदर्यविचारात लयीची संवाद, विरोध व समतोल अशी तत्त्वे मांडली. त्यांतील विरोधाचा प्रत्यय येथे छंद आणि आशय ह्यांच्या संबंधातच येतो.

कवितेच्या मध्यावरील द्विपदी ह्या दृष्टीने निर्णायक वाटते. जगणे आणि मरणे ह्या दोहोंचीही सक्ती तीत सांगितली आहे. दोन चरणांत फरक आहे तो केवळ क्रियापदाचा, आणि ‘जगणे’ व ‘मरणे’ ह्यांचे मात्रामूल्य एकच! एकाच्या जागी दुसरे ठेवले तरी लयीला धक्का लागत नाही. दोहोंतील भेद पुसला गेल्याची जाणीव विधानाआधीच कानाला होते. द्विपदीतील थंडपणा ह्या समानतेतून येतो. त्यास करुण वा बीभत्स रस म्हणून मोकळे होणे सोयीचे असले, तरी नेमके नाही.

पुढे सोळा मात्रांचा एक चरण छापताना आठ-आठ मात्रांच्या दोन ओळींत तोडला आहे. मात्रा पुऱ्या असूनही श्वास अडतो. बेकलाइटवरून साधलेले विशेषण (२+१+२+१+२) एक आवर्तन तंतोतंत भरते. कारखान्यातला कृत्रिम पदार्थ जुन्या जातीत इतक्या सहज बसावा, हे अस्वस्थ करणारे आहे. आणि शेवटी बुडून मेलेल्या उंदरांसाठी कवी क्रियापद योजतो ते ‘न्हाणे’, म्हणजे आपल्या मंगलकार्यांतले.