मुकादम झोपला होता तेव्हा

रात्रीचे अकरा वाजलेत. क्लाउडवर भाड्याने घेतलेला एक छोटा सर्व्हर रखडलाय आणि स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या आहेत. डावीकडच्या खिडकीत सर्व्हरच्या पोटात शिरून 'टॉप' ही आज्ञा चालवली आहे. ती सांगते, प्रोसेसरला क्षणाची उसंत नाही, शंभर टक्के गुंतलाय. उजवीकडे क्लाउड कंपनीच्या पानावरचा आलेख आहे. तो म्हणतो, दहा टक्के. यंत्र तेच, मिनिटंही तीच. कुणीतरी थाप मारतंय, असंच कुणालाही वाटेल. गंमत अशी की दोघंही खरं बोलतायत. ते कसं, हे शोधायला निघालं की आपण मोजमापाच्या फार अजब प्रदेशात जाऊन पोचतो.

मुळात हा टक्का येतो कुठून? प्रोसेसरला कुठे विजेसारखं मीटर लावलेलं नसतं. एका क्षणी तो एक तर काम करत असतो, नाही तर रिकामा असतो. 'चाळीस टक्के काम' असा क्षण नसतोच. मग त्यासाठी मुकादम नेमलेला असतो. हा मुकादम म्हणजे लिनक्सचा गाभा, कर्नल. सेकंदाला १००, २५० किंवा १००० वेळा, जशी मांडणी असेल तसा, टायमर टोला देतो. टोला पडला की मुकादम साइटवर येतो, समोर जो प्रोग्रॅम दिसेल त्याच्या नावावर अख्खी पाळी लिहितो आणि निघून जातो. कुणीच दिसलं नाही तर 'रिकामा' या खात्यात खूण करतो. दिवसभराचं मस्टर असंच भरतं.

सेकंदाला २५० टोले म्हणजे दोन टोल्यांत चार मिलिसेकंद. ऐकायला फारच थोडे. पण तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात १ कोटी २० लाख ठोके घेतो. इतक्या अवधीत कोण आलं, कोण गेलं, हे मुकादमाला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त टोल्याच्या क्षणी हजर असलेला.

हे ज्यांच्या नीट ध्यानात आलं, त्यांनी मुकादमाला चकवूनही दाखवलं. डॅन त्साफ्रिर, योआव एत्सिओन आणि ड्रॉर फाइटेल्सन या संशोधकांनी २००७ मध्ये एक निबंध मांडला. त्यांचा प्रोग्रॅम टोला पडून गेल्याबरोबर कामाला लागायचा आणि पुढचा टोला पडण्याच्या किंचित आधी अंग चोरून झोपी जायचा. मस्टरवर त्याची हजेरी जवळजवळ नाहीच, आणि प्रोसेसर मात्र त्यानेच बळकावलेला! २०११ मध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच डाव एक मजला वर नेला. 'झेन' या हायपरवायझरवर दर दहा मिलिसेकंदांनी हजेरी होत असे. ती चुकवून एका आभासी यंत्राने प्रयोगशाळेत प्रोसेसरच्या एका गाभ्याचा ९८ टक्क्यांपर्यंत वेळ लाटून दाखवला. शेजारची यंत्रं उपाशी, आणि वहीत सगळं आलबेल.

हायपरवायझर म्हणजे त्या इमारतीचा मालक. क्लाउडमधलं आपलं 'मशीन' हे खरं यंत्र नसतंच. एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रं बिऱ्हाडकरूंसारखी राहतात. प्रोसेसर मोजके आणि बिऱ्हाडं जास्त असतील तर मालक पाळ्या लावतो: एकाला चालवलं, थांबवलं, दुसऱ्याला चालवलं. आणि खरी मेख इथे आहे. आपली पाळी संपली की नुसते कामगार थांबत नाहीत, मुकादमही जागच्या जागी थिजतो. भूल दिलेल्या माणसाला मधला तास जाणवत नाही, तसं. जाग आल्यावर त्याच्या लेखी मागचा क्षण आणि हा क्षण एकमेकांना चिकटलेले असतात. घड्याळाकडे पाहिलं तर मात्र चाळीस मिलिसेकंद उलटून गेलेत. ते कुणाच्या नावावर लिहायचे? मालकाने काहीच कळवलं नसेल तर बऱ्याचदा ते डोळे मिटताना समोर जो होता त्याच्याच खाती पडतात. बिचाऱ्या निर्दोष प्रोग्रॅमवर 'फार प्रोसेसर खातो' असा ठपका येतो, आणि आपण रात्रभर त्याच्या कोडमध्ये नसलेला दोष हुडकत बसतो.

यावरचा उपाय आयबीएमच्या मोठ्या यंत्रांकडून आला. आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात १९६० च्या दशकातच एका संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक नांदत होते, त्यामुळे हे दुखणं त्यांना जुनं होतं. २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.११ या आवृत्तीत मस्टरला एक नवा रकाना जोडला गेला: 'स्टील', म्हणजे चोरीला गेलेला वेळ. 'टॉप'च्या प्रोसेसरच्या ओळीत शेवटी तो दोन अक्षरांत दिसतो, एस आणि टी. मराठी माणूस ते 'एसटी' असंच वाचणार, आणि त्यात फारसं चुकतही नाही. बॅग भरून तयार आहे, तिकिटाचे पैसे हातात आहेत, फलाटावर उभाही आहे, पण गाडीच लागलेली नाही: या रकान्याचा अर्थ नेमका हाच. यंत्राकडे काम होतं, करायची तयारी होती, पण प्रोसेसरच मिळाला नाही.

आता सुरुवातीचं कोडं हातात घेऊ. लिनक्सचं मस्टर '/प्रॉक/स्टॅट' या फाइलमध्ये उघडं असतं. पहिल्या ओळीत 'सीपीयू' या शब्दापुढे आकडे ओळीने उभे असतात: पहिला वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमांचा, तिसरा खुद्द कर्नलच्या कामाचा, चौथा रिकामा, आठवा चोरीला गेलेला. एकक सहसा शंभरांश सेकंद. यंत्र सुरू झाल्यापासून हे आकडे चढतच जातात, म्हणून एकदा वाचून उपयोग नाही. दोनदा वाचायचं आणि वजाबाकी करायची.

समजा एकाच प्रोसेसरचं यंत्र आहे आणि दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचलं. पहिला आकडा ७० ने वाढला, तिसरा ३० ने, आठवा ९०० ने. चौथा आणि बाकीचे हलले नाहीत. बेरीज १०००, म्हणजे दहा सेकंद. हिशेब तंतोतंत जुळला. मग वापर किती?

एक साधन 'शंभर वजा रिकामा' करतं. रिकामा शून्य, म्हणून उत्तर शंभर टक्के. दुसरं साधन प्रोग्रॅम आणि कर्नल यांची बेरीज एकूण वेळेला भागतं. उत्तर दहा टक्के. तिसरं जुन्या घडणीचं आहे, त्याला आठवा रकाना ठाऊकच नाही. त्याच्या लेखी एकूण वेळच १०० एककं, म्हणून ७० टक्के प्रोग्रॅम आणि ३० टक्के कर्नल. आणि बाहेर बसलेला मालक म्हणतो, मी या बिऱ्हाडाला दहा सेकंदांतला एकच सेकंद दिला, म्हणजे दहा टक्के. चौघांपैकी एकाचीही वजाबाकी चुकलेली नाही. प्रश्नच वेगळे आहेत. 'रिकामपण किती होतं?' हा एक, आणि 'पदरात किती पडलं?' हा दुसरा. आपण दोघांनाही 'सीपीयू वापर' असं एकच नाव देऊन ठेवलंय.

हे उदाहरण हवेतलं नाही. अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये आणलेल्या 'टी२ मायक्रो' या छोट्या यंत्राकडेच पाहा. त्याला तासाला सहा क्रेडिट मिळतात, आणि एक क्रेडिट म्हणजे पूर्ण वेगाने चालण्याचं एक मिनिट. तासाला सहा मिनिटं, म्हणजे बरोबर दहा टक्के. खर्चली नाहीत तर ती १४४ पर्यंत साठतात, म्हणजे दिवसभराची कमाई. नव्या यंत्राची चाचणी घेतली की ते भन्नाट पळतं. रोजचं कामही नेटकं होतं. एखाद्या रात्री मोठं काम लागतं, गंगाजळी आटते, आणि हायपरवायझर शांतपणे लगाम खेचतो. आतून पाहाल तर यंत्र जिवाच्या आकांताने राबतंय आणि एसटीचा रकाना फुगलाय. बाहेरचा आलेख दहाच्या रेषेवर आडवा पडलाय. हा रकाना पाहायची सवय नसेल तर माणूस आपल्या प्रोग्रॅमलाच शिव्या घालत बसतो. आणि 'चोर' म्हणावं तर इथे कुणी शेजारी नाहीच. आपण जेवढ्याचं भाडं भरलं तेवढंच वाट्याला आलंय.

मुकादमाने मालकाच्या शब्दावर विसंबायचं ठरवल्यावर मात्र एक नवीच फजिती झाली. क्लाउडमध्ये चालतं आभासी यंत्र एका खऱ्या यंत्रावरून दुसऱ्यावर उचलून ठेवता येतं. बिऱ्हाड बदलतं आणि आत झोपलेल्या पोराला पत्ताही लागत नाही. पण नव्या घरमालकाची वही कोरी. कालपर्यंत 'तुझे इतके तास चोरीला गेले' असं सांगणारा आकडा अचानक लहान होतो. 'झेन'वर चालणाऱ्या लिनक्सच्या काही आवृत्त्यांत कर्नल नव्या आकड्यातून जुना वजा करायचा आणि उत्तर उणे यायचं. उणे आकडा मात्र त्या खात्यात मावत नाही, कारण ते खातं फक्त शून्य आणि त्यापुढचंच मोजतं. जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं मीटर शून्यावरून एक घर मागे फिरवलं तर ९९९९९ दिसेल, तसंच इथे. ६४ बिटांच्या मीटरमध्ये सगळे नऊ म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१५, वीस अंकी संख्या.

ही संख्या नॅनोसेकंदांत धरली तर ५८४ वर्षांहून थोडी अधिक भरते. तेवढं मागे जायचं तर शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही पार पलीकडे जावं लागेल. तीच शंभरांश सेकंदांत धरली तर ५८४ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी. भाड्याच्या सर्व्हरचा चोरीला गेलेला वेळ पृथ्वीच्या वयाहून जास्त! चुकीच्या आकड्यावर हसू यावं अशी वेळ क्वचितच येते. २०१७ मध्ये यावर दुरुस्ती लिहिली गेली. तिचं सार एवढंच: घर बदललं तरी चोरीचा हिशेब मागे जाऊ द्यायचा नाही.

दोन आकडे जुळत नाहीत अशी वेळ तुमच्यावर आली, तर पहिलं काम म्हणजे दोघांची खिडकी किती रुंद आहे हे पाहणं. बाहेरचे आलेख पुष्कळदा पाच मिनिटांची सरासरी दाखवतात. तीस सेकंद शंभर टक्के आणि उरलेला वेळ शून्य, याचीही सरासरी दहा टक्केच येते. आतल्या साधनांतही असे सापळे आहेत. 'व्हीएमस्टॅट' चालवलं की पहिली ओळ आत्ताची नसतेच; ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. दुसऱ्या ओळीपासून वाचावं. कंटेनरच्या आत बसून पाहत असाल तर समोरचे आकडे बहुधा तुमच्या खोलीचे नसून अख्ख्या यंत्राचे असतात.

'आपल्याकडे दोन प्रोसेसर आहेत' हेही तपासून घ्यावं. क्लाउडमध्ये विकला जाणारा आभासी प्रोसेसर पुष्कळदा खऱ्या गाभ्याचा एक धागा असतो, म्हणजे एका चुलीच्या दोन शेगड्यांपैकी एक. मुकादम दोन शेगड्या मोजतो. खालचा जाळ एकच आहे हे त्याच्या वहीत नाही. म्हणून पन्नास टक्क्यांवर 'अजून निम्मी ताकद शिल्लक आहे' असं समजून जेवणावळ अंगावर घेतली की फसगत होते.

शेवटची कसोटी सगळ्यात साधी आणि माझी सगळ्यात आवडती. मस्टरमधली सगळी वाढ मिळवा आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहा. एका प्रोसेसरच्या यंत्राला दहा सेकंदांत साधारण हजार एककं हवीत. आठशेच भरली तर दोन सेकंद कुठल्याच खात्यात नाहीत. तेवढा वेळ मुकादम या जगात नव्हता.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्र कशाला म्हणावं, याच्या अटी गणिताच्या काटेकोरपणे मांडल्या. आभासी यंत्रात प्रोग्रॅम खऱ्या यंत्रासारखाच वागला पाहिजे, ही त्यातली एक अट. पण तिला त्यांनी तिथेच अपवाद जोडला: साधनांची उपलब्धता आणि वेळेशी बांधलेल्या गोष्टी यांत फरक पडू शकतो. मेमरीची नक्कल करता येते, डिस्कची, नेटवर्क कार्डाची, खुद्द प्रोसेसरचीही. वेळेची नाही. तो सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच असतो.

तुमच्या हाताशी एखादं क्लाउडवरचं यंत्र असेल तर आजच ती फाइल उघडा आणि आठवा आकडा पाहा. तिथे शून्य दिसलं तर दोन शक्यता आहेत. एक, तुमचा वेळ कधी चोरीला गेलेलाच नाही. दुसरी, गेलाय, पण मालकाने ते मुकादमाला कधी कळवलेलं नाही. आतून पाहिलं तर दोन्ही शून्यं अगदी सारखी दिसतात.