भोकाचा पैसा आणि रंगूनचा तांदूळ

फोंडाघाटच्या आमच्या जुन्या घरात आजीचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात सुपाऱ्या, दोन-तीन किल्ल्या आणि करगोट्याच्या दोऱ्यात ओवलेले सात-आठ पैसे असत. प्रत्येक पैशाच्या मधोमध वाटोळे भोक. लहानपणी मला वाटायचे, दोऱ्यात ओवता यावेत म्हणूनच ते पाडले असणार. खरे कारण युद्ध होते. 1943 मध्ये हे नाणे निघाले, कारण तांबे दारूगोळ्याला हवे होते. आधीचा तांब्याचा पैसा पाच ग्रॅमांच्या आतबाहेर भरायचा, हा जेमतेम दोन ग्रॅम. फोंड्याच्या बाजारात हिंग-जिरे घ्यायला गेलेल्या बाईच्या कनवटीतून अर्ध्याहून जास्त तांबे असे लढाईवर गेले.

युद्धाचा खर्च मोजताना आपण पडलेले पूल आणि जळालेली शहरे मोजतो. फोंडाघाटावर एकही बॉम्ब पडला नाही. तरी लढाई इथे पोचली, ती दोन वाटांनी.

पहिली वाट तांदळाची. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात भात पिकायचे, पण वर्षभर पुरायचे नाही. दिवाळीनंतर काढलेले भात पावसाळ्याच्या तोंडाशी संपे आणि घर चाले ते मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर. त्या पैशांतून रंगूनचा तांदूळ यायचा. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात दरवर्षी दहा लाख टनांहून अधिक तांदूळ येत असे. 8 मार्च 1942 रोजी जपान्यांनी रंगून घेतले आणि ही आवक बंद पडली. आजी सांगायची, "लढायेच्या वर्सात तांदूळ दिसाक नाय. नाचण्याची पेज आणि करांदे." तिच्या बोलण्यात हिटलर कधी आला नाही. रंगून मात्र हटकून यायचे.

घाट चढून दाजीपूरला पोचले की तेव्हा कोल्हापूर संस्थानची हद्द लागायची. एरवी बैलगाडीला तिचे फारसे काही वाटत नसे. पण युद्धकाळात प्रांत, संस्थाने आणि जिल्हे यांच्यामधली धान्याची ने-आण परवान्यांत अडकली. मुंबई शहरात 2 मे 1943 पासून रेशन सुरू झाले. गिरणी कामगाराला रेशनकार्ड मिळाले, महागाई भत्ताही मिळाला. गावाकडे राहिलेल्या त्याच्या बायकोला पगार नव्हता, मग भत्ता कुठून? तिच्या हाती यायची ती मनीऑर्डर, आणि तिची किंमत दर महिन्याला घसरत होती.

ती का घसरत होती, ही दुसरी वाट. आणि माझ्या मते हीच जास्त महत्त्वाची. ब्रिटिश सरकार युद्धासाठी इथून कापड, ताग, धान्य, चामडे उचलत होते. इथल्या व्यापाऱ्याला त्याचे रुपये मिळत, पण ब्रिटन ते पैसे रोख चुकते करत नव्हते. लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे पौंड जमा दाखवले जात, आणि त्या कागदी जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापत होती. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा सहा पटींच्या आसपास गेल्या. माल मात्र वाढला नव्हता. उलट बाहेर जात होता. त्यामुळे 1944-45 पर्यंत घाऊक भाव अडीच पटींच्या घरात पोचले. कुणीही फोंड्यात येऊन कर वसूल केला नाही, तरी पेजेच्या वाटीतून तो वसूल झाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांनी युद्ध चालू असतानाच या धोरणाची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. ते आज फारसे कोणी वाचत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

बंगालमध्ये हाच गुंता लाखोंच्या जिवावर उठला. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये आकडे मांडून दाखवले, की 1943 साली बंगालमधले धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा फक्त 5 टक्क्यांच्या आसपास कमी होते आणि 1941 पेक्षा तर जास्तच होते. धान्य होते, मजुरांना ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती.

लंडनमधली ही जमा युद्धाअखेर 130 कोटी पौंडांच्या घरात गेली. जुलै 1944 मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदी शिष्टमंडळाने तिचा प्रश्न मांडला. त्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, म्हणजे महाडजवळच्या नात्याचे, आपल्या कोकणातलेच. पदरी काही पडले नाही. तो प्रश्न ब्रिटनने आणि हिंदुस्थानने आपसात सोडवावा, असे ठरले. त्याच परिषदेत जागतिक बँक जन्मली. तिच्या अधिकृत नावात पुनर्बांधणी आधी आणि विकास नंतर येतो. तिचे पहिले कर्ज 1947 मध्ये फ्रान्सला मिळाले, 25 कोटी डॉलर. भारताला पहिले कर्ज 1949 मध्ये रेल्वेसाठी मिळाले, 3 कोटी 40 लाख डॉलर. कोकणात रेल्वे पुरती धावू लागायला 1998 उजाडले.

पुनर्बांधणीबद्दल नंतर झालेले संशोधन मला सगळ्यात विचार करायला लावते. डेव्हिस आणि वाइनस्टाइन या अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये जपानच्या 114 शहरांचा अभ्यास छापला. बेचिराख झालेली बहुतेक शहरे वीसेक वर्षांत लोकसंख्येच्या जुन्या क्रमावर परत आली होती. मिगेल आणि रोलाँ यांना व्हिएतनाममध्येही असेच दिसले: ज्या जिल्ह्यांवर जास्त बॉम्ब पडले, ते काही दशकांनंतर इतरांपेक्षा गरीब राहिलेले नव्हते. विटा पुन्हा रचता येतात. शरीराचे तसे होत नाही. नायजेरियात 1967 ते 1970 या काळात बियाफ्राचे युद्ध झाले. त्याची झळ वाढत्या वयात लागलेल्या मुली मोठेपणी उंचीने कमी भरल्या, असे सोनिया भालोत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले. त्यांच्यासाठी पुनर्बांधणीचा कोणताही निधी उपयोगाचा नव्हता, कारण वाढीचे वय निघून गेले होते.

आजीचा धाकटा भाऊ 1943 च्या पावसाळ्यात जन्मला. आजीला त्याचा महिना आठवायचा नाही, पण त्या दिवशी घरात तांदूळ नव्हता हे आठवायचे. पाच भावंडांत तो सगळ्यांत बुटका राहिला. माजघरातल्या खुंटीवरची छत्री काढायला त्याला पाटावर उभे राहावे लागे. एका माणसाच्या उंचीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पैसे त्या डब्यात अजून आहेत, दोरा मात्र कुजला. परवा मी तो बदलला आणि पैसे एकेक करून नव्या दोऱ्यात ओवले. सगळे मिळून ओंजळीत धरले तरी हाताला वजन लागत नाही.