आधी उर्दूत लिहिले, आधी हिंदीत छापले

इंदुरात राजवाड्याजवळच्या कृष्णपुऱ्यात खान नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या आहेत: कृष्णाबाईंची, दुसऱ्या तुकोजीरावांची, शिवाजीरावांची. या भागातली जुनी मराठी घरे घरात मराठी आणि बाजारात हिंदी-माळवी बोलत आली. इंदुरात 1849 मध्ये 'मालवा अखबार' निघाला, तो हिंदी आणि उर्दू अशा दोन्ही भाषांत. तरी इथल्या मराठी वाचकाला प्रेमचंद म्हटले की हिंदी कादंबरीकारच आठवतो. साहजिकच आहे म्हणा. नागरी त्याच्या घरचीच.

प्रेमचंदांची, म्हणजे धनपतराय श्रीवास्तव यांची, पहिली कादंबरी 'असरारे मआबिद' 1903 पासून बनारसच्या एका उर्दू साप्ताहिकात क्रमशः आली. देवस्थानातल्या भोंदूगिरीवर ती बेतलेली होती. तेव्हा ते नवाबराय या नावाने लिहीत. 'सोजे वतन' हा कथासंग्रह सरकारने जप्त केला, आणि मग 1910 मध्ये 'जमाना' या उर्दू मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांच्या सूचनेवरून 'प्रेमचंद' हे नाव आले.

'बाजारे हुस्न' ही कादंबरी त्यांनी उर्दूत लिहिली, पण उर्दू प्रकाशक मिळेना. कलकत्त्याच्या हिंदी प्रकाशकाने साडेचारशे रुपये दिले आणि ती 'सेवासदन' म्हणून आधी हिंदीत वाचकांपुढे आली. मूळ उर्दू पुस्तक लाहोरला निघाले ते 1924 मध्ये, अडीचशे रुपयांत. 'रंगभूमी'चेही तेच: उर्दू खर्डा आधीचा, पण छापील हिंदी प्रत 1925 ची आणि उर्दू 1927 ची. हिंदीकडे वळण्यामागे भाषाप्रेम किती आणि प्रकाशकाचे पैसे किती, हा हिशेब मला आजही महत्त्वाचा वाटतो. लेखणीवर घर चालवणाऱ्या माणसाला तो टाळता येत नाही.

'सेवासदन'मधली नगरपालिकेची चर्चा मुद्दाम वाचावी. कोठेवाल्या बायकांना शहराबाहेर हलवावे की नाही, यावर हिंदू आणि मुसलमान सभासद भांडतात. नैतिकतेच्या नावाखाली जागेचे भाडे, मतांचे गणित आणि जमातीचा मान असे सगळे बाहेर पडते. जिच्यामुळे हे सुरू झाले ती नायिका सुमन सभागृहात नाहीच. आपल्याकडच्या कोणत्याही नगरसभेचे इतिवृत्त काढा, हेच सापडेल!

प्रेमचंदांची 'निर्मला' वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे देवलांची 'शारदा' उभी राहते. 1899 च्या त्या नाटकात म्हाताऱ्याचे लग्न सगोत्र निघते आणि पोरगी सुटते. निर्मलेला अशी पळवाट नाही. हुंड्यापायी ठरलेले लग्न मोडते आणि ती तीन मुलांच्या बापाच्या, वकील तोतारामच्या गळ्यात पडते. थोरला मंसाराम जवळजवळ तिच्याच वयाचा. नवऱ्याच्या संशयाने तो मुलगा हकनाक मरतो. देवलांनी प्रेक्षकाला समाधान देऊन घरी पाठवले. प्रेमचंदांनी ते नाकारले. माझ्या मते इथे प्रेमचंद अधिक निष्ठुर आहेत, आणि अधिक खरेही.

1934 मध्ये ते मुंबईला सिनेमासाठी गेले. मोहन भवनानींच्या अजंटा सिनेटोनसाठी 'मजदूर'ची कथा लिहिली. सेन्सॉरने चित्रपटावर हरकत घेतली. पुढच्या वर्षी मुंबई सोडून ते बनारसला परतले.

त्याच 1935 च्या एप्रिलमध्ये इंदुरात हिंदी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष गांधीजी. त्यांनी हिंदी म्हणजे हिंदू-मुसलमान दोघे बोलतात आणि नागरी वा उर्दू लिपीत लिहितात ती भाषा, अशी व्याख्या मांडली. नागरीच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि ते काम आपल्या काका कालेलकरांकडे आले. प्रांतोप्रांतीच्या साहित्यिकांना एकत्र आणण्याच्या या खटपटीतून भारतीय साहित्य परिषद उभी राहिली आणि प्रेमचंदांचे 'हंस' मासिक तिचे मुखपत्र झाले.

1936 च्या एप्रिलमध्ये परिषदेची बैठक नागपुरात झाली. 'हिंदी-हिंदुस्थानी' या नावावरून उर्दूचे पुरस्कर्ते मौलवी अब्दुल हक आणि गांधीजी यांच्यात खटका उडाला. व्याख्या कितीही उदार असली तरी वाचक दोन बाजारांत वाटले गेले होते, आणि त्या दोन्ही बाजारांचे भाव प्रेमचंदांना सगळ्यांपेक्षा चांगले ठाऊक होते. ते या बैठकीला हजर होते.

त्यानंतर एका नाटकावरून सरकारने 'हंस'कडे जामीन मागितला. परिषदेने मासिकातून अंग काढून घेतले. आजारी प्रेमचंदांनी जामीन भरून ते परत स्वतःकडे घेतले. 'गोदान' त्याच वर्षी नागरीत आले. 8 ऑक्टोबरला ते गेले. उर्दू 'गऊदान' त्यांच्या मृत्यूनंतर छापून निघाले.